काळ का आला होता?

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,’ ही म्हण मराठी घराघरांत ऐकू येते. झाडाची फांदी कडाडून मोडावी आणि खाली उभ्या असलेल्या माणसापासून हातभर अंतरावर पडावी. गाडीचे चाक पायाला चाटून जावे आणि केवळ वहाणेचा अंगठा तुटावा. चालत्या यंत्रात उपरण्याचे टोक सापडावे, परंतु उपरणे जुने असल्यामुळे ते टरकन फाटून माणूस मोकळा व्हावा. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे ही म्हण उच्चारतात. देवापुढे साखर ठेवली जाते, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच काम त्याच रीतीने पुन्हा सुरू होते.

म्हणीच्या उत्तरार्धाने मनाला दिलासा मिळतो; पूर्वार्धाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वेळ का आली नव्हती, याचे उत्तर माणसापाशी नसते. परंतु काळ का आला होता, याचे उत्तर बहुधा तेथेच, खळ्यावर, झाडाखाली किंवा यंत्राशेजारी पडलेले असते. ज्यांनी ते वाकून उचलले, त्यांनी असंख्य लोकांचे हातपाय आणि प्राण वाचविले आहेत.

जुनी शेती धोक्याची नव्हती, असे नाही. विळ्याने बोट कापे, बैल बुजे, मोटेचा नाडा तुटे. तथापि त्या शेतीतील शक्ती सजीव होती. खळ्यात तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात धन्याची हाक ऐकताच थांबे. मूल आडवे आले, तर बैल स्वतःच पाऊल अडखळवी. यंत्राचे तसे नाही. यंत्र बैलाहून बलवान आहे, ते थकत नाही, चारा मागत नाही. परंतु त्याला कान नाहीत. माणसाची किंकाळी त्याला ऐकू येत नाही. जे कडब्याचे, तेच बोटांचे. त्याच्या लेखी दोहोंत काही भेद नाही. म्हणूनच बैलाबरोबर जे चालून गेले, ते यंत्राबरोबर चालत नाही.

कडबा कापण्याचे यंत्र हे त्याचे घरगुती उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे आपल्या उद्योगाच्या आरंभी जी अवजारे बनविली, त्यांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचे यंत्रही होते. पुढे १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. कडब्याची कुट्टी केल्याने चारा वाया जात नाही व जनावरे तो आवडीने खातात. म्हणून हे यंत्र गोठ्यागोठ्यांत पोहोचले. त्यात दोन रूळ कडबा आत ओढतात आणि मोठ्या चाकाला बसविलेली पाती त्याचे तुकडे करतात.

अशा एखाद्या गोठ्यातील सायंकाळ डोळ्यांसमोर आणावी. थोरली बहीण चाक फिरवीत आहे आणि धाकटा भाऊ कडबा सारीत आहे. दिवस मावळत आला आहे. गाईंनी हंबरडा फोडला आहे. एवढ्यात एक जाड ताट रुळांत अडकते. भाऊ ते सोडविण्यासाठी हात पुढे करतो. त्याच क्षणी दावे तोडून वासरू गोठ्याबाहेर पळते, बहीण तिकडे पाहते आणि तिचा हात थांबतो. पाते भावाच्या बोटाला स्पर्श करून स्थिर उभे राहते. बोटाला केवळ ओरखडा उमटतो. आजी हळद दाबते, मुलाला पोटाशी धरते आणि म्हणते, “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, बाळा!”

तेवढ्यात वडील शेतातून परततात. ते मुलाला रागे भरत नाहीत. ते यंत्राजवळ जातात आणि विचारतात, “आई, वासराने आज हात वाचविला. उद्या वासरू बांधलेले असेल, तेव्हा कोण वाचवील?” घरात कोणी बोलत नाही. त्या एका प्रश्नाने सर्वांची दृष्टी दैवाकडून यंत्राकडे वळते. रुळांपुढचा भाग उघडा आहे. पात्यांवर झाकण नाही. चाक अडवून ठेवण्याची काही सोय नाही. त्यामुळे मोठी माणसे दूर असताना लहान मुले ते खेळ म्हणून गरगर फिरवितात. संधिप्रकाशात पाते नीट दिसत नाही. काळ आला होता, तो या चार वाटांनी.

या वाटा बंद करणे फारसे कठीण नाही. कृषी अभियंत्यांनी या यंत्रासाठी तीन साधे उपाय सुचविले आहेत. पहिला, पात्यांवर लोखंडी आवरण. दुसरा, काम संपल्यावर चाक जखडून ठेवणारी खीळ. तिसरा, रुळांच्या आधी बसविलेला एक सुटा रूळ. कडबा सारणाऱ्याचा हात पुढे गेल्यास तो प्रथम या रुळाला लागतो आणि माणूस सावध होतो. या तिन्ही गोष्टींना बैलजोडीच्या मानाने नगण्य खर्च येतो. गेलेले बोट मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही.

कडब्याच्या यंत्राहून अधिक वेगाने चालणारे यंत्र म्हणजे मळणी यंत्र. हरितक्रांतीच्या काळात गव्हाचे पीक वाढले आणि यंत्राने मळणी करण्याची पद्धत देशात झपाट्याने पसरली. जे काम बैलांच्या पातीला कित्येक दिवस लागे, ते काही तासांत होऊ लागले. परंतु आरंभीच्या अनेक यंत्रांना पेंढ्या सारण्यासाठी अगदी आखूड तोंड होते. ढगाळ हवा, पीक भिजण्याची भीती, रात्रीचे जागरण आणि डोळ्यांवर आलेली झोप. अशा स्थितीत पेंढीबरोबर मजुराचा हातही आत ओढला जाई. अनेक तरुण मजुरांनी असे हात गमावले. अखेर १९८३ मध्ये भारतीय संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात मळणी यंत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. यंत्र बनविणारे, विकणारे व वापरणारे यांची कर्तव्ये त्यात सांगितली आहेत आणि अपघातग्रस्त मजुरास भरपाई देण्याची तरतूदही केली आहे.

मळणी यंत्राच्या भारतीय मानकातील एक अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पेंढ्या सारण्याचे पन्हाळे किमान ९० सेंटिमीटर लांब असावे व यंत्राकडील ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे ते मानक सांगते. हे मोजमाप माणसाच्या शरीरावरून सुचलेले आहे. प्रौढ माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत साधारणतः ७० सेंटिमीटर भरतो. पन्हाळे त्याहून लांब असले, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हात फिरत्या भागापर्यंत पोहोचूच शकत नाही. माणूस थकेल, पेंगेल, क्षणभर चुकेल, हे गृहीत धरून ही रचना केलेली आहे. ‘सावध राहा’ असा केवळ उपदेश करण्यापेक्षा हा उपाय शंभरपट चांगला होय.

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस यंत्रांना गती देणारा एक फिरता दांडा असतो. त्याला शेतकरी पी.टी.ओ. म्हणतात. या दांड्याचा रूढ वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे असतो. दांड्याची जाडी ७ सेंटिमीटर धरली, तर त्याचा घेर सुमारे २२ सेंटिमीटर होतो. याचा अर्थ असा की, त्याच्याभोवती एका सेकंदात जवळजवळ २ मीटर कापड गुंडाळले जाते. एक संपूर्ण उपरणे नाहीसे होण्यास एवढाच अवधी पुरतो. डोळ्यांनी धोका पाहावा, मनाने तो ओळखावा आणि हात मागे घ्यावा, एवढ्यातच पाव ते अर्धा सेकंद निघून जातो. “चटकन हात काढून घेईन,” असे म्हणणारा माणूस गणित विसरलेला असतो. म्हणून या दांड्यावर आवरण असावे. त्याच्याजवळ सैल धोतर, लोंबता पदर, मोकळी वेणी किंवा गळ्यातील उपरणे नसावे. आणि यंत्रात काही अडकले, तर आधी इंजिन बंद करावे, दांडा पूर्ण थांबल्याची खात्री करावी व मगच हात लावावा.

ट्रॅक्टर स्वतःही उलटतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये ट्रॅक्टरांवर देखरेख करण्याचे काम हॅरी फर्ग्युसन नावाच्या कल्पक यंत्रज्ञाकडे आले. त्या वेळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे केवळ अडकवून ओढीत असत. नांगराचा फाळ जमिनीतील दगडाला अडकला, की मागची चाके जोर करीत, ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो पाठीवर पडून चालकाला खाली दडपी. यात चालकाच्या निष्काळजीपणाला दोष देणे सोपे होते. फर्ग्युसन यांनी दोष जोडणीत आहे हे ओळखले. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ मध्ये त्यांना एका नव्या जोडणीचे एकस्व मिळाले. पुढे तिच्यातून तीन ठिकाणी जोडलेली पद्धत विकसित झाली. या पद्धतीत नांगर दगडाला अडकला असता वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि त्याचे तोंड जमिनीकडेच दाबलेले राहते. आज महाराष्ट्राच्या शेतांतून फिरणाऱ्या ट्रॅक्टरांवरही ही तीन सांध्यांची जोडणी दिसते.

तरीही उतारावर, बांधावर किंवा वळणावर ट्रॅक्टर कलंडण्याची भीती राहतेच. त्यावर स्वीडन देशाने १९५९ मध्ये उपाय योजला. नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत लोखंडी चौकट असलीच पाहिजे, असा नियम त्या देशाने केला. ट्रॅक्टर उलटला, तरी चौकट जमिनीला टेकते आणि चालकाभोवती जागा शिल्लक राहते. कालांतराने ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तेथे जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरांवर अशी चौकट नसते, उलट चाकावरील पत्र्यावर दोघे-तिघे बसलेले असतात. ती जागा बसण्याची नव्हे. तसेच बाभळीचा बुंधा उपटताना दोर किंवा साखळी ट्रॅक्टरच्या उंच भागाला कधीही बांधू नये; ती ओढण्यासाठी असलेल्या खालच्या पट्टीलाच बांधावी. बुंधा हलला नाही, तर ट्रॅक्टरचे तोंड कसे उचलले जाते, हे फर्ग्युसन यांच्या गोष्टीवरून कळून येईल.

यंत्राला कान नाहीत, तसे झाडाला तोंड नाही. ‘ही फांदी मोडेल’ असे ते सांगत नाही. पण खुणा मात्र दाखविते. शेवग्याचे व पांगाऱ्याचे लाकूड ठिसूळ असते. जांभळाची फांदी हिरवी दिसते, पण मुलाच्या भाराने एकाएकी मोडते. पोकळ बुंधा, वाळलेला शेंडा, खोडावर उगवलेली भूछत्रे आणि सालीवरील ओले शेवाळ या साऱ्या झाडाच्या सूचनाच होत. आंब्यावर चढणाऱ्याने फळाकडे पाहण्यापूर्वी या सूचनांकडे पाहावे.

कोकणात व गोमंतकात माडावर चढणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य आहे. परंतु कुशल माणसालाही गुरुत्वाकर्षण सूट देत नाही. १२ मीटर उंचीवरून सुटलेले शरीर सुमारे दीड सेकंदात जमिनीवर येते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर झालेला असतो. केरळमध्ये माडावर चढणारी माणसे दुर्मीळ होऊ लागली, तेव्हा कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील जोसेफ या शेतकऱ्याने पायांनी चालविण्याचे साधन तयार केले. त्यातील तारेचे फास चढणाऱ्याच्या भारानेच खोडाला घट्ट आवळले जातात. नारळ विकास मंडळाने २०११ पासून अशा साधनावर चढण्याचे शिक्षण तरुण-तरुणींना देण्यास आरंभ केला. त्याबरोबर कमरेला सुरक्षा पट्टा बांधला, म्हणजे निसटलेला पाय प्राणावर बेतत नाही.

स्वतः बसलेली फांदी तोडणाऱ्या कालिदासाची दंतकथा ऐकून सारे हसतात. परंतु शहाणी माणसेही फांदी तोडताना निराळ्या प्रकारे चुकतात. फांदी केवळ वरून कापली, तर ती पुरी तुटण्यापूर्वीच वजनाने फाटते, साल ओढीत खाली येते आणि कापणाऱ्यालाही ओढते. म्हणून प्रथम खालून थोडी खाच पाडावी, मग किंचित पुढे वरून कापावे आणि शेवटी उरलेला खुंट काढावा. झाड पाडताना बघ्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर राहावे. झाडाशेजारून विजेची तार जात असेल, तर त्या झाडाला हात न लावता वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यांना कळवावे. लोखंडी आकडीतूनच नव्हे, तर ओल्या बांबूतूनही वीज वाहते.

अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये अपघातांविषयी एक ग्रंथ लिहिला. एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि काहीही इजा न झालेले ३०० प्रसंग असतात, असे त्यांनी कारखान्यांतील नोंदींवरून मांडले. हे आकडे सर्वत्र तंतोतंत लागू पडतात, असे आज मानले जात नाही. परंतु त्यांमागील विचार मोलाचा आहे. मोठा अपघात सहसा न सांगता येत नाही. तो आधी अनेकदा दार ठोठावून जातो. ‘थोडक्यात वाचलो’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा तो दार ठोठावत असतो.

दुर्दैवाने अपघात झालाच, तर धीर सोडू नये. प्रथम यंत्र किंवा वीज बंद करावी. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला वीज बंद होण्यापूर्वी स्पर्श करू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. झाडावरून पडलेल्या माणसाला ओढून उभे करू नये. त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झालेली असू शकते. बोट तुटल्यास ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका येते. शेतकऱ्याला अपघातात मृत्यू आला, तर कुटुंबाला २ लाख रुपये व एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास १ लाख रुपये अनुदान देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने केली आहे. हे साहाय्य आवश्यकच आहे. परंतु ज्या हाताने आईने घास भरविला, त्या हाताचे मोल कोणत्याही कोषागारात मोजता येत नाही.

खंडेनवमीला शेतकरी आपली अवजारे धुऊन पुसून मांडतो, त्यांना गंधफूल वाहतो. ही पूजा एका दिवसाची नसावी. यंत्राचे आवरण जागेवर आहे की नाही ते पाहणे, कुऱ्हाडीचा दांडा घट्ट बसवून घेणे, सुरक्षा पट्ट्याची शिवण तपासणे, काम संपताच चाकाची खीळ लावणे, हीदेखील पूजाच होय. जो हे नित्य करतो, त्याने अवजाराचा मान राखला आणि स्वतःचे हातही राखले.

शब्दार्थ
तिवडा : खळ्याच्या मध्यभागी रोवलेला खांब.
पात : मळणीसाठी एका ओळीत जुंपलेले बैल.
कुट्टी : कडब्याचे बारीक तुकडे.
पन्हाळे : वस्तू पुढे सारण्यासाठी केलेली लांबट वाट.
एकस्व : शोध लावणाऱ्याला त्या शोधावर मिळणारा कायदेशीर हक्क.

स्वाध्याय
१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) बैल आणि यंत्र यांत कोणता महत्त्वाचा भेद सांगितला आहे?
(आ) मळणी यंत्राचे पन्हाळे ९० सेंटिमीटर लांब का असावे?
(इ) फर्ग्युसन यांनी दोष चालकाला न देता कशाला दिला? त्याचा परिणाम काय झाला?
(ई) झाडे आपल्याला कोणकोणत्या सूचना देतात?

२. कारणे द्या.
(अ) झाडावरून पडलेल्या माणसाला ओढून उभे करू नये.
(आ) फांदी कापताना प्रथम खालून खाच पाडावी.

३. ‘उद्या वासरू बांधलेले असेल, तेव्हा कोण वाचवील?’ या प्रश्नातून वडिलांना काय सुचवायचे आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : धीर सोडणे, रागे भरणे, प्राणावर बेतणे, गृहीत धरणे.

५. ‘ज्या हाताने आईने घास भरविला, त्या हाताचे मोल मोजता येत नाही.’ या मिश्र वाक्यातील मुख्य वाक्य व गौण वाक्य ओळखा.

६. उपक्रम : आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना ‘थोडक्यात वाचल्याचे’ प्रसंग विचारा. प्रत्येक प्रसंगापुढे ‘काळ का आला होता?’ व ‘आता काय बदलावे?’ या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा आणि ती वर्गात वाचून दाखवा.